चौथीतली खालची चाल

"आता हे सांगितलं तर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," काका म्हणाले, "पण माझं चौथीचं अख्खं वर्ष एका कपाटात गेलंय."

दादांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वहिनी चहा टाकायला उठल्या. काकांच्या तोंडून 'विश्वास बसायचा नाही' हे शब्द पडले की पुढचा अर्धा तास कामातून गेला, हे त्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. तसा हा माणूस आयुष्यभर वजनमाप खात्यात. दुकानोदुकानी हिंडून दुसऱ्यांचे काटे खरे करायचे, त्यांवर शिक्का मारायचा, आणि घरी येऊन बोलायला बसलं की स्वतःच्या जिभेला मात्र कधी काटा लावायचा नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्यांच्या चोखपणाची वाखाणणी केली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या वहिनींना असा ठसका लागला की पाणी आणावं लागलं.

आज मात्र काका गप्पांच्या लहरीत नव्हते. खोलीत मघापासून कोणी बोलत नव्हतं, आणि ती शांतता त्यांना सोसवत नव्हती, म्हणून त्यांनी तोंड उघडलं होतं इतकंच.

खोली थोरलीची होती. शाळेच्या मागच्या भिंतीला चिकटलेल्या घराचा पुढचा भाग तिनं पुस्तकबांधणीसाठी मोकळा करून घेतला होता. भिंतीला टेकून हजेरीपटांचे आणि शब्दकोशांचे गठ्ठे, टेबलावर खळीचं पातेलं, दोऱ्याची रिळं, टोचे. आणि या सगळ्याच्या मधोमध, जिथून जायला-यायला आधीच वाट नव्हती तिथे, अर्ध्या तासापूर्वी दोन हमालांनी आणून टेकवलेली बाईंची पायपेटी.

बाई म्हणजे थोरली, दादा आणि काका या तिघा भावंडांची आई. प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं संगीत शिकवलं. शाळेत पोरांनी आपल्याला आई म्हणायचं नाही असा तिचा दंडक होता. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा जीभ कोण वळवणार, म्हणून तिघंही जन्मभर तिला बाईच म्हणत राहिले. बाईंना जाऊन चौदा वर्षं झाली. पेटी तेव्हापासून दादांच्या बैठकीत कपड्यांच्या घड्या अंगावर घेऊन उभी होती. चार वर्षांपूर्वी दादा-वहिनींची मुलगी, छोटी, त्याच शाळेत संगीताची बाई म्हणून लागली आणि पेटी पुन्हा शाळेत गेली. आणि आज रविवारी दुपारी तीन वाजता छोटीनं सगळ्यांना आत्याच्या घरी बोलावून घेतलं होतं, टेम्पोतून पेटी उतरवली होती आणि एका दमात सांगून टाकलं होतं, "ही परत आणलीय. आत्या, तुझ्याकडे राहू दे. उद्या मी शाळेच्या मोठ्या बाईंना, मुख्याध्यापिकांना, अर्ज देतेय. मला गणिताचे तास द्या म्हणून."

थोरलीनं मान वर केली नव्हती. फाटक्या शब्दकोशाच्या पाठीला ती दोरा घालत होती. तशीच घालत राहिली.

"कुठल्या कपाटात?" छोटीनं विचारलं. तिला ऐकायचं नव्हतं, पण काका तिचा लाडका होता.

"नकाशांच्या. संगीताच्या खोलीत शिरलं की डाव्या हाताला. आता त्याचं काय आहे, गाणं एकदम दोन चालींत, आणि गळा माझा असा की खालच्या चालीला मी एकटा पुरायचो. पण मला वर्गात उभं केलं की बाकीची पोरं बिचारी हिरमुसायची. म्हणून बाई मला कपाटात घालायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. बाहेर वीस पोरं वरची चाल म्हणायची, आत मी खालची. शेवटच्या कार्यक्रमाला कपाट उचलून मंचावर नेलं. लोकांनी कपाटाला टाळ्या दिल्या."

"आणि खालच्या चालीतली वीस पोरं काय करत होती?" दादा म्हणाले.

"ओठ हलवत होती."

"अरे, तुझ्या दोन वर्षं आधी मी त्याच रांगेत होतो. मी गात होतो."

"तुला तसं वाटत होतं."

दादा हसले. हसू नये असं ठरवलेल्या माणसाचं हसू नाकातून बाहेर पडतं, तसं. आतून वहिनींचाही आवाज आला, "भाऊजी, आमच्या लग्नातही तुम्ही कपाटात होतात का? तेव्हाचं तुमचं गाणं कोणाला आठवत नाही ते." आणि काकांना बरं वाटलं. हवा जरा हलली होती.

पण छोटी हसली नाही. पेटीच्या झाकणावर बोटानं रेघा ओढत बसली.

"माझी खालची चाल टिकतच नाही, काका," ती म्हणाली. "सगळं बाईंसारखं केलं. पहिलीत बाकं बाहेर काढली. वर्षभर एक गाणं शिकवलं नाही. पेटी वाजली की चालायचं, थांबली की थांबायचं. पालक भांडायला आले, की आमची मुलं संगीताच्या तासाला नुसती हिंडतात."

"आमच्या वेळीही यायचे," दादा म्हणाले. "बाई त्यांनाच चालायला लावायच्या. निम्म्यांना थांबता यायचं नाही."

"दुसरीत हरवलेली टाळी केली. सात टाळ्या वाजवायच्या, आठवी हवेत सोडून द्यायची. जो चुकून वाजवेल तो पुढच्या खेपेला म्होरक्या."

काकांना ती खोली दिसली. व्हरांड्याच्या टोकाची, लाकडी जमिनीची. खिडक्यांच्या काचांवर जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पट्ट्या चिकटवलेल्या, त्यामुळे ऊन आत यायचं ते छापील होऊन यायचं. पेटीच्या भात्याच्या कातड्याचा वास, खडूचा वास, आणि चाळीस पोरांनी श्वास रोखून हवेत धरलेले हात. त्या न वाजलेल्या टाळीची शांतता त्यांनी पुढं कुठंच ऐकली नाही. धान्याच्या वखारीतही नाही, बंद गिरणीतही नाही. आठवी टाळी ते दर वेळी मुद्दाम वाजवायचे, म्होरक्या व्हायला मिळतं म्हणून. बाईंना ते कळत होतं. बाई म्हणायच्या, "चुकायलाही ताल लागतो. तुझा आहे."

"तिसरीत गात गात हजेरी," छोटी सांगत होती. "प्रत्येक पोरानं आपल्याला सोसेल त्या सुरात 'हजर' म्हणायचं. कोण कुठल्या सुरात राहतो ते मी वहीत टिपून ठेवलं. मग पुलाचं गाणं, एकाच चालीत. ते काय गातात म्हणून सांगू. एक पोरगा आहे, सगळे त्याला भोंगा म्हणतात, तोसुद्धा सुरात येतो. सगळं झालं, काका. आणि चौथीत आलो, आणि मेलं सगळं."

पुलाचं गाणं बाईंनीच रचलं होतं. *पुलाखालून पाणी, पुलावरून आम्ही.* अर्ध्या वर्गानं पुलावरून जायचं, म्हणजे वरच्या चालीनं. अर्ध्यानं पाण्यासारखं खालून. चौथी संपताना, शाळा सोडण्याच्या दिवशी, पोरं ते दोन चालींत म्हणत, आणि फाटकाशी उभे असलेले बाप उगीच चपला झाडत.

"दोन ओळी नीट जातात," छोटी म्हणाली. "तिसरीला खालची पोरं घसरतात. घसरतात म्हणजे वर घसरतात. चौथ्या ओळीला सगळेच पुलावर. पाणी आटलं. तीन महिने हेच चाललंय. पंधरा दिवसांवर निरोपाचा दिवस आलाय. मोठ्या बाई म्हणतात, रेकॉर्ड लावा आणि मुलांना उभं करा."

"मग लाव की," दादा म्हणाले. "त्यात एवढं काय? आणि गणितही वाईट नाही. गणितात दोन आणि दोन चार होतात, घसरत नाहीत."

"तुम्ही गप्प बसा," वहिनी चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कप गठ्ठ्यांवर जागा शोधून शोधून ठेवले. थोरलीचा कप मात्र तिच्या हाताशी नेऊन ठेवला, आणि तिथेच उभ्या राहिल्या. "पोरीनं गावातल्या अर्ध्या लोकांना विचारलं. डॉक्टरांना विचारलं, बसच्या ड्रायव्हरला विचारलं. सगळ्यांना खालची चाल येते. डॉक्टरांनी छाती तपासता तपासता म्हणून दाखवली. पण बाईंनी ती शिकवली कशी, हे एकाला सांगता येत नाही. म्हणतात, येतच होती. आता ज्यांना सांगता येईल त्यांना आठवत नाही. याला काय करायचं?"

हे कोणाला उद्देशून होतं ते सगळ्यांना कळलं. थोरलीनं दोरा दातानं तोडला.

"वहिनी," काका म्हणाले.

"काय वहिनी-वहिनी? बावीस वर्षं वन्सं त्या खोलीत बाईंच्या शेजारी पेटीवर बसत होत्या. बावीस वर्षं. आणि पोर दोनदा विचारायला आली तर म्हणे आठवत नाही."

"नाही आठवत," थोरली म्हणाली. तिनं सुईत नवा दोरा ओवला. पासष्टीतही एका झटक्यात ओवला. "म्हातारी झाले."

काकांनी चहाचा घोट घेतला आणि घाईघाईनं दुसरी गोष्ट काढली. "खरं म्हणजे बाई खालच्या चालीच्या पोरांच्या कानात कापूस घालायच्या. वरचं ऐकूच आलं नाही तर घसरतील कशाला? आमच्या वर्गातल्या एकाच्या कानातला निघालाच नाही. तो पुढं पोस्टमास्तर झाला. अजून त्याला तक्रार ऐकू येत नाही."

"कापूस मी घालून पाहिला," छोटी म्हणाली.

"काय?"

"गेल्या महिन्यात तूच सांगितलं होतंस. मी घालून पाहिला. पोरांना स्वतःचंही ऐकू येईना. एक मुलगी रडायला लागली."

काकांनी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत आपली एखादी थाप कोणी खरी मानून वापरली असेल, असं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. लहानपणी दादांच्या बदल्यांपायी ती गावोगावच्या शाळा हिंडली, बाईंच्या खोलीत एक दिवस बसली नाही. आणि तरी सुट्टीत आली की हीच पोर बाईंच्या मांडीवर बसून विचारायची, मला पहिलीत कधी घेणार. आता उद्या ती अर्ज देणार, आणि परवापासून पाढे म्हणून घेणार.

त्यांची नजर नकळत टेबलाखाली गेली.

थोरलीचे हात वर शब्दकोश शिवत होते. खाली तिचे दोन्ही पाय चालू होते. डावा दाबायचा, उजवा सोडायचा. समोर पायपेटी नव्हती, पण पाय भाता मारत होते, संथ, एका लयीत, जसे बावीस वर्षं मारत आले होते. छोटीनं पुलाच्या गाण्याचं नाव काढलं तेव्हापासून सुरू असणार. तिचं तिला कळलंही नसेल.

हिला आठवतंय, काकांच्या मनात आलं. हिला पहिल्या दिवसापासून सगळं आठवतंय.

आणि त्यांना पंचवीस वर्षांपूर्वीची ती दुपारही आठवली. बाई निवृत्त व्हायच्या होत्या. शाळेनं विचारलं, तुमच्या जागी कोणाला घ्यायचं. सगळ्या गावानं धरून ठेवलं होतं की थोरलीलाच. बाई म्हणाल्या, "हिला नको. बाहेरचा माणूस बघा." थोरली तेव्हा दाराआड भात्याला ठिगळ लावत होती. ती उठली, पेटीची किल्ली खिडकीत ठेवली आणि घरी आली. दुसऱ्या आठवड्यात पुस्तकबांधणीच्या दुकानात कामाला लागली. बाहेरचा माणूस आला, तो शिट्टीवाला सर. एकवीस वर्षं त्यानं पोरांना शिट्टीवर कवायत शिकवली. बाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या, याच घरात, थोरलीच्याच हातचं खाऊन. त्यांची औषधं तिनं चुकू दिली नाहीत. पण गाण्याचा शब्द दोघींत पुन्हा निघाला नाही. का नको म्हणालात, हे तिनं विचारलं नाही, आणि बाईंनी सांगितलं नाही. काका तेव्हा तरणेताठे होते. त्यांनी त्यावरही एक विनोद केला होता. तो आता त्यांना कोणाला सांगवला नसता.

विचारून ती सांगणार नाही. चिडवून तर मुळीच नाही. काकांनी खुर्ची पुढं ओढली.

"छोटे," ते म्हणाले, आणि आवाज खाली आणला. हा आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता, म्हणून दादांनीही वर पाहिलं. "कपाट राहू दे. कापूसही राहू दे. खरं काय ते सांगू का? मी इतकी वर्षं बोललो नाही, कारण बाईंची आब जाईल."

"काय?"

"खालची चाल पोरांची नव्हतीच. ताईची होती. ही पेटीवर खालची चाल वाजवायची, मोठ्यानं, सगळ्या खुंट्या ओढून. पोरं तिला नुसती लोंबकळलेली असायची. पेटी काढून घेतली असती तर सगळी पुलावर गेली असती, तुझ्यासारखीच. मी नोकरीला लागल्यावर दुपारी त्या खिडकीवरून जायचो, डोळ्यांनी पाहिलंय. टाळ्या मिळाल्या बाईंना. चाल ओढून नेली हिनं."

थोरलीची सुई थांबली.

वहिनींनी पदरानं हात पुसले, पुसायला काही नसताना. "असं होतं होय," त्या म्हणाल्या, आणि मघाची धार त्यांच्या आवाजातून गेली होती. "मग बाईंनी वन्संना नको म्हटलं ते यासाठी. हिला ठेवलं तर कळेल ना सगळ्यांना, की करत कोण होतं. वन्सं, मी तुम्हाला उगीच बोलले."

"मला तेव्हाच वाटलं होतं," दादा म्हणाले. त्यांना तेव्हा काहीही वाटलं नव्हतं, काकांना ठाऊक होतं. "तेव्हाच बोलायला हवं होतं मी. बाईंच्या पुढं तोंड उघडायची कोणाची छाती होती? अन्यायच झाला ताईवर. सरळ अन्याय."

काका खाली मान घालून बसले. गोष्ट त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा फारच छान बसली होती. पंचवीस वर्षं ज्यासाठी कोणी एक शब्द बोललं नव्हतं, ते सगळं घर आता ओंजळ भरून थोरलीपुढं धरत होतं. घ्यायचं म्हटलं असतं तर नुसतं गप्प बसणं पुरे होतं. आणि ती गप्प बसली होती. घेते की काय ही, त्यांना वाटलं. आणि घेतलं तर हिला दोष कुठल्या तोंडानं द्यायचा?

छोटी मात्र उठून उभी राहिली होती. चेहऱ्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा रंग आला होता.

"म्हणजे एवढंच?" ती म्हणाली. "मग सोपं आहे की. पेटी परत नेते. मी वाजवते खालची चाल, सगळ्या खुंट्या ओढून. पोरं धरतील तेवढं धरतील. बाईंनीसुद्धा तसंच केलं म्हटल्यावर मला कसली लाज?" तिनं पेटीचं झाकण उघडलं, स्टूल शोधायला इकडेतिकडे पाहिलं.

"वाजवू नकोस," थोरली म्हणाली.

"का?"

"पेटी वाजली की पोरं पेटीच्या मागे जातात. मग एकमेकांचं ऐकत नाहीत. चौथीच्या तासाला पेटी बंद असायची. बाई त्या झाकणावर आपला जेवणाचा डबा ठेवायच्या, कोणी उघडू नये म्हणून."

"पण काका म्हणतोय..."

"साडेदहाला तुमच्या शाळेत पाणी प्यायची सुट्टी होते," थोरली म्हणाली. तिनं शब्दकोश बाजूला सारला होता आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते. "वर्गांच्या रांगा नळाकडे निघतात. तेव्हा पोरं काय गुणगुणतात?"

छोटी गोंधळली. "ते काहीतरी हुं हुं करतात. पाय आपटत."

"आपटत नाहीत, चालतात. चार पावलांना एक सूर. इतकं संथ की ही खालची चाल आहे हे कळतही नाही. पहिलीच्या पहिल्या आठवड्यात बाई रांगेला ते धरून द्यायच्या. गाणं म्हणून नाही. रांग मोडू नये म्हणून करा, म्हणायच्या. पोरांना वाटायचं ते नळाचं आहे. चार वर्षं, रोज, नळापर्यंत आणि नळापासून वर्गापर्यंत. आणि चौथीत अर्ध्या वर्गाला म्हणायच्या, तुम्ही जागच्या जागी पाण्याला चला. बाकीच्यांना म्हणायच्या, तुम्ही पूल म्हणा. मग वेग वाढवायच्या, हळूहळू, आठवडाभर. त्यात शिकवायचं काही नसतंच. शिकून झालेलं असतं."

काकांच्या नरड्यात काहीतरी हललं. तापलेली सकाळ, पुढच्या पोराची मानगूट, पितळी तोटी, आणि आपल्याच छातीत घुमणारं ते हुं हुं. पन्नास वर्षांत त्यांना ते कधी गाणं वाटलं नव्हतं. ती नुसती तहान होती. दुकानोदुकानी वजनं लावताना ते नोकरीभर तेच गुणगुणत आले होते, आणि हे त्यांना या क्षणी, या खुर्चीत कळत होतं.

"पण बाईंनंतर कोणी धरून दिलं?" छोटी म्हणाली. "शिट्टीवाल्या सरांनी?"

"कोणीच नाही. मोठी पोरं म्हणतात, लहान उचलतात. पंचवीस वर्षं चाललंय. एक दिवस खंड नाही." थोरलीनं मागच्या खिडकीकडे हात केला. खिडकी शाळेच्या भिंतीकडे उघडत होती. "मी ऐकते ना रोज. साडेदहाला हातातलं काम ठेवते. गेली चार वर्षं मात्र ते अर्ध्यात तुटतं. कोणी एक बाई जोरात 'शू' करते."

छोटीनं दोन्ही हात तोंडावर नेले. "रांगेत शांतता पाळायची असा नियम आहे, आत्या," ती बोटांआडून म्हणाली. "मीच करते ते. रोज करते."

"माहीत आहे मला. तुझा शू वरच्या पट्टीत लागतो."

वहिनी आधी हसल्या, मग दादा. छोटी हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण तेवढ्यावर गप्प बसले असते तर ते काका कसले.

"तरी पण ताई," ते म्हणाले, "थोडीफार तू पेटीवर..."

"एक सूर नाही," थोरली म्हणाली. ती उभी राहिली, आणि काकांना एकदम आपण बाकावर उभे असल्यासारखं वाटलं. "डब्याशेजारी कोपर टेकून बसायचे मी, आणि ऐकायचे. गायची ती पोरं. बाईंनी मला का नको म्हटलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला अजून लागतं ते. पण म्हणून त्या पोरांचं काढून माझ्या पदरात घालू नकोस. सगळ्या खुंट्या ओढून म्हणे. तू त्या खिडकीवरून कधी गेलाच नाहीस, तुझं कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. धडधडीत खोटं बोललास तू."

"बोललो," काका म्हणाले.

"आणि तू गं, आत्या?" छोटीनं डोळे पुसले. "आठवत नाही म्हणालीस. दोनदा याआधी, आणि एकदा आत्ता, सगळ्यांसमोर. ते काय खरं होतं?"

"तेही खोटंच," थोरली म्हणाली, आणि पेटीचं उघडं झाकण लावून त्यावर, बाई डबा ठेवायच्या तसा, आपला चहाचा कप ठेवला.